ब्राम्सचे कोराल प्रील्यूड, सॅम्पल केलेला ऑर्गन आणि वन-बीएचके

खर्ज

"मुंबईत पाइप ऑर्गन वाजवायला कुठे मिळेल" या धाग्यावरची चर्चा घरच्या कॉम्प्युटरवरच्या ऑर्गनवर घसरली आणि मूळ विषयाचा पार विचका झाला, म्हणून हा वेगळा धागा. विषय मुद्दाम अरुंद ठेवलाय: ब्राम्स, रेगर, कार्ग-एलर्ट या जर्मन रचनाकार मंडळींचे कोराल प्रील्यूड सॅम्पल केलेल्या ऑर्गनवर वाजवताना नेमकं काय होतं. बाख इथे नको. त्याच्यावर धागे ढिगाने आहेत.

नवख्यांसाठी थोडक्यात. लुथरन चर्चमध्ये सगळ्या मंडळीने मिळून म्हणायच्या स्तोत्राची चाल म्हणजे कोराल, आणि ती चाल धरून ऑर्गनसाठी केलेली रचना म्हणजे कोराल प्रील्यूड. ऐकणाऱ्याला बंदिश पाठ आहे, आता हा गवई ती कशी मांडतो ते बघायचं, साधारण असा मामला. सॅम्पल केलेला ऑर्गन म्हणजे खऱ्या ऑर्गनची एकेक नळी त्या इमारतीतच स्वतंत्र रेकॉर्ड करायची आणि घरच्या कीबोर्डवरून मिडीने (वाद्य आणि कॉम्प्युटर यांच्यातली संदेशांची भाषा) ती वाजवायची. सॉफ्टवेअर मुख्यतः दोन, हाउप्टवेर्क (विकतचं) आणि ग्रँडऑर्ग (फुकट, ओपन सोर्स). ऑर्गनचे सेट वेगळे मिळतात, काही फुकट, काही चांगले महाग. स्टॉप म्हणजे एका जातीच्या नळ्यांची रांग उघडायचा खटका. आठ फुटी स्टॉप लिहिलेल्याच पट्टीत वाजतो, सोळा फुटी एक सप्तक खाली, चार फुटी एक सप्तक वर.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, मग भांडा. या संगीतासाठी सेट घेताना स्टॉप किती आहेत ते मोजत बसू नका. आठ फुटी स्टॉप किती तऱ्हांचे आहेत आणि बोट उचलल्यावर सुराचं काय होतं, एवढंच बघा.

लोक काय करतात, साठ-सत्तर स्टॉपांचा सेट घेतात, सगळं उघडतात, घर हादरवतात, आणि मग ब्राम्स वाजवायला बसल्यावर तो बेचव लागतो. १८९६च्या मे महिन्यात ब्राम्सची जिवलग मैत्रीण, पियानोवादक क्लारा शूमान गेल्या. त्या उन्हाळ्यात बाड इश्लला ब्राम्सने हे अकरा प्रील्यूड कागदावर उतरवले. पुढच्या वर्षी ३ एप्रिलला तो स्वतः गेला आणि ते छापून आले १९०२ साली, ओपस १२२ म्हणून. यात झगमगाट जवळजवळ नाहीच. मधल्या पट्टीतले चार-पाच आवाज एकमेकांना खेटून चालतात. तिथे मिक्श्चरसारखे किणकिणणारे स्टॉप उघडले की आतले आवाज गडप होतात. हवे असतात ते प्रिन्सिपाल (ऑर्गनचा मूळ, भरीव आवाज), गेडाक्ट (वरून बंद नळ्यांचा, मऊ), बासरीसारखा एखादा, तंतुवाद्याच्या अंगाचा एखादा, सगळे आठ फुटी. लाडेगास्ट किंवा साउअर या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन कारागिरांच्या ऑर्गनमध्ये असे सात-आठ सहज सापडतात, आणि दोन-दोन एकत्र उघडले की दर वेळी तिसराच रंग निघतो. १७०० सालच्या उत्तर जर्मन ऑर्गनच्या सेटवर ही चैन नाही.

आता दहाव्या क्रमांकाचा प्रील्यूड घ्या, 'हेर्त्सलिश टूट मिश फरलांगन'. चाल हान्स लिओ हासलरची, १६०१ सालची, मुळात प्रेमगीताची. नंतर ती गुड फ्रायडेची चाल झाली. इथे चाल पायांकडे आहे, पण खर्जात नाही, मधल्या सप्तकात. म्हणजे पेडलला सोळा फुटी स्टॉप लावायचाच नाही, एकच आठ फुटी, जरा टोकदार. उजव्या हाताला सोळांशांची वीण. आणि खालचा खरा खर्ज डाव्या हातात, एकच सूर पुन्हा पुन्हा, धडधडत राहणारा.

सॅम्पलचं पितळ उघडं पडतं ते इथे. खऱ्या नळीत तोच सूर लगेच पुन्हा दाबला तर आतली हवा अजून हलत असते, दुसरा सूर त्या हलत्या हवेवर उभा राहतो. सॅम्पलमध्ये प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात: तोच फुस्स, तोच उठाव. त्यात इमारतीचा घुमारा रिलीजमध्येच, म्हणजे बोट उचलल्यावरच्या सुराच्या शेपटीतच, भरलेला असेल, तर आधीच्या सुराची आस आणि नव्या सुराची सुरुवात एकमेकांवर चढतात. चार मात्रांत चिखल. सेटमध्ये आखूड, मध्यम, लांब असे वेगवेगळे रिलीज रेकॉर्ड केलेले असतील तर बरंच निभतं. एकच लांब रिलीज असेल तर तो सेट या प्रील्यूडसाठी बाद.

पुढचं प्रतिसादांत. रेगरवर वेगळं लिहायचंय.

लॅमिंग्टन_रोड

मस्त धागा. संगीतातलं मला कळत नाही, मी पेट्या जोडून देणारा माणूस. पण "माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल का" हा प्रश्न येणारच, म्हणून हिशेब आत्ताच मांडून ठेवतो.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला २८८ केबी. एका नळीचं आठ सेकंदांचं रेकॉर्डिंग धरलं तर २.३ एमबी. चाळीस स्टॉप, प्रत्येकी सरासरी ५८ नळ्या, म्हणजे २,३२० नळ्या. झाले सव्वापाच जीबी. खर्ज म्हणतायत तसे तीन वेगळे रिलीज, प्रत्येकी चार सेकंदांचे, घेतले तर आकडा तेरा जीबीच्या पुढे. हे सगळं रॅममध्ये बसलं पाहिजे, हार्ड डिस्कवरून जागच्या जागी वाचून भागत नाही. १६ जीबीत १६ बिटवर कसंबसं, ३२ असेल तर सुखाने.

दुसरं लेटन्सी, म्हणजे कळ दाबल्यापासून सूर ऐकू येईपर्यंतचा उशीर. बफर २५६ सॅम्पलचा ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला ५.३ मिलिसेकंद, ५१२ला १०.७, १०२४ला २१. विंडोजवर लॅपटॉपच्या अंगच्या साउंड कार्डावर जाऊ नका, एक साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या आणि त्याचा स्वतःचा एएसआयओ (उशीर कमी करणारा) ड्रायव्हर वापरा.

गाभारा

@लॅमिंग्टन_रोड, लेटन्सीचा एवढा बाऊ नको. खऱ्या चर्चमध्ये वाजवणारा बसतो एकीकडे आणि नळ्या असतात सात-आठ मीटरवर. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे वीसेक मिलिसेकंद तिथेच गेले. ऑर्गनिस्टला ती सवयच असते. पियानोवाल्यांना मात्र पहिले काही दिवस आपलीच बोटं परक्याची वाटतात.

@खर्ज, घुमाऱ्याबद्दल पूर्ण असहमत. घुमाऱ्यासकट केलेला सेट हीच तर या सगळ्याची गंमत. दादरच्या दहा बाय बाराच्या खोलीत गादी, कपाट, पडदे. कोरडा सूर तिथे मेल्यासारखा वाटतो. रोमँटिक संगीत मोठ्या इमारतींसाठी लिहिलंय, इमारत काढून घेतली तर उरतं काय? आणि नंतर घातलेला कृत्रिम रीव्हर्ब तो कृत्रिमच.

खर्ज

गाभारा, घरी हेडफोनवर वाजवायचं तर तुमचं बरोबर आहे, माझ्याकडेही घुमाऱ्याचेच सेट आहेत. माझी तक्रार घुमाऱ्याबद्दल नाही, तो एकाच लांबीचा येतो याबद्दल आहे. आणि तुम्ही लय किती ठेवता? पाच सेकंदांच्या आसेत जी लय शोभते ती दोन सेकंदांच्या आसेत रेंगाळल्यासारखी वाटते. सेट बदलला की लय बदलायची, ही गोष्ट मी फार थोड्या लोकांना करताना पाहिलीय. ऑर्गन निवडायचं स्वातंत्र्य मिळालं म्हणजे इमारतीचं ऐकायची जबाबदारी संपली असं नाही.

चहाबिस्कीट

खुर्ची पकडून बसलोय. चालू द्या.

पायपेटी

अज्ञानाबद्दल क्षमस्व, पण नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ असते तो ऑर्गन आणि हा एकच का? आमच्या आजोबांकडे पायाने भाता मारायचा होता, गिरगावातल्या चाळीत जिन्यावरून नेताना चार माणसं लागायची. त्याला सगळे ऑर्गनच म्हणायचे.

खर्ज

नाही पायपेटी, पण सोयरीक आहे. नाटकातला ऑर्गन पितळी पत्त्यांचा. भात्याने हवा खेचली जाते, पत्ती थरथरते, सूर निघतो. म्हणजे जात हार्मोनियमची. पाइप ऑर्गनमध्ये बहुतेक सूर बासरीसारखे: हवा नळीच्या ओठावर आपटते आणि नळीतला हवेचा स्तंभ बोलतो. त्यातही पत्तीचे स्टॉप असतात, ट्रम्पेट, ओबो वगैरे, पण तिथेही वर नळी असतेच.

मात्र तुमच्या प्रश्नामुळे एक सांगायलाच हवं. कार्ग-एलर्ट (१८७७ ते १९३३) आधी हार्मोनियमसाठीच लिहायचा. कुन्स्टहार्मोनियम नावाचं मोठं, देखणं पायपेटीचं वाद्य होतं, त्यासाठी त्याने ढीगभर रचना केल्या. ऑर्गनकडे नंतर वळला आणि ओपस ६५मध्ये ६६ कोराल इम्प्रोव्हायझेशन्स लिहिली. त्यातलं 'नुन डांकेट आले गॉट' लग्नात, सणात जगभर वाजतं. त्या हार्मोनियमला एक्स्प्रेशन नावाचा स्टॉप असायचा. तो ओढला की भात्याची साठवण टाकी बाजूला पडते आणि पायाचा दाब थेट पत्तीवर जातो. पाय जसा चालेल तसा सूर फुगतो, ओसरतो. कार्ग-एलर्टच्या ऑर्गन संगीतात सूर सारखा श्वास घेतल्यासारखा वरखाली होत असतो, त्याचं मूळ या पायपेटीत आहे असं माझं मत. नाटकाला पेटीची साथ केलेल्या माणसाला त्याची नस एखाद्या कॉन्झर्व्हेटरीवाल्याआधी सापडेल.

पायपेटी

वा! आता ऐकतोच. धन्यवाद.

नळी

उशिरा आलो. सगळं वाचलं. मला हे सगळं खोटं वाटतं, स्पष्ट बोलतो.

खऱ्या ऑर्गनमध्ये दहा सुरांचा ठोकळा दाबला की सगळ्या नळ्या एकाच वाऱ्यावर जगत असतात. वारा किंचित बसतो, सूर किंचित वाकतो, शेजारशेजारच्या नळ्या एकमेकींना ओढतात. सॅम्पलमध्ये प्रत्येक नळी एकटी असताना टिपलेली असते. दहा एकट्या माणसांचे आवाज चिकटवून कोरस होत नाही. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये ब्लोअरची घरघर असते. वीस सुरांबरोबर ती वीसपट येऊ नये म्हणून सॉफ्टवेअरने खरवडून काढतात. त्याबरोबर सुरावरची लवही जाते.

फोर्टात सेंट थॉमस कॅथीड्रल आहे, १७१८ सालचं, तिथे पाइप ऑर्गन आहे. आधी तिथे जाऊन बसा, ऐका. मग घरी खेळणी जोडा.

लॅमिंग्टन_रोड

वाऱ्याचं मॉडेल हाउप्टवेर्कमध्ये आहे की. जास्त सूर दाबले की दाब उतरतो, सूर हलतो.

नळी

मॉडेल आहे. वारा नाही.

खर्ज

नळी यांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहे आणि सगळ्यांनी तो लक्षात ठेवावा. विशेषतः रेगरमध्ये, जिथे दोन हातांत मिळून आठ-आठ सूर आणि खाली दोन्ही पाय, तिथे सॅम्पलचा आवाज मोठा होतो पण दाट होत नाही. यावर माझा उपाय असा: जितके स्टॉप छापील सूचनेवरून वाटतील त्यापेक्षा एक-दोन कमीच उघडायचे. सहा सारख्या स्टॉपांपेक्षा तीन वेगळ्या स्वभावांचे बरे मिसळतात.

पण नळी, मुंबईत खऱ्या नळ्यांची दुसरी बाजूही बघा. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की नळीचा सूर साधारण तीन सेंट चढतो (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर). पत्तीचे स्टॉप मात्र जवळपास जागच्या जागी राहतात. एप्रिलच्या सकाळी आणि दुपारी सात अंशांचा फरक पडला तर एकवीस सेंट झाले, म्हणजे आपल्याकडची एक प्रमाण श्रुती जवळपास. दुपारी बासऱ्या एकीकडे आणि ट्रम्पेट दुसरीकडे. वर दमट हवेत चामडं सुटणं, लाकूड फुगणं, वाळवी, आणि हे सगळं दुरुस्त करणारी माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्याला रोज तास-दीड तास रियाज करायचाय त्याला कॅथीड्रलची किल्ली कोण देणार?

नळी

किल्ली मागून बघितलीत का कधी? :) असो. रियाजासाठी म्हणत असाल तर हरकत मागे घेतो. कार्यक्रमासाठी नाही.

भायखळा_अल्टो

नमस्कार. मी भायखळ्याला आमच्या मराठी चर्चच्या क्वायरमध्ये गाते. आमच्याकडे रविवारी उपासना संगीतातली गाणी, काही पाश्चात्त्य चालींवर, काही आपल्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर, बाकीचं कीबोर्डवर. जो भाऊ कीबोर्ड वाजवतो त्याने पियानोच्या परीक्षा दिल्यात आणि त्याला गुड फ्रायडेच्या उपासनेआधी ब्राम्सचा 'हेर्त्सलिश' वाजवायचाय. ती चाल आमच्या लोकांच्या चांगली ओळखीची आहे, इंग्रजी उपासनेत तर दर वर्षी असते. लॅपटॉप आणि फुकटचा सेट जमवलाय. दोन स्पीकर चर्चचेच आहेत.

परवा लावून बघितलं तर घरी हेडफोनवर जे इतकं सुरेख वाटलं ते चर्चमध्ये नुसतं गढूळ झालं. चाल ऐकूच येईना. आमचं चर्च तसं मोठं, उंच छताचं, जुनं. काय करावं? पेडल नाहीत आमच्याकडे हेही सांगते.

गाभारा

ताई, तुमच्या चर्चला स्वतःचा घुमारा आहे. त्यात सॅम्पलमधला युरोपातल्या चर्चचा घुमारा ओतला की चर्चमध्ये चर्च झालं. इथे मी खर्ज यांच्या बाजूने. कोरडा सेट शोधा. काही सेटमध्ये नळीजवळच्या मायक्रोफोनचं आणि लांबच्या मायक्रोफोनचं रेकॉर्डिंग वेगवेगळं असतं, त्यातलं फक्त जवळचं घ्या. तेही नसेल तर सेट लोड करतानाच रिलीज छाटता येतात का ते पाहा.

(हे लिहिताना माझा आधीचा प्रतिसाद दातांत अडकतोय, पण तो घरापुरता होता.)

खर्ज

गाभारा यांनी मुद्द्याचं सांगितलं. बाकीचं मी सांगतो.

नववा आणि दहावा, दोन्ही प्रील्यूड याच चालीवर आहेत. दहाव्याला पेडलवरची चाल लागते, तो सोडून द्या. नवव्यात चाल वरच्या आवाजात, नक्षी केलेली. पेडलचा भाग असला तरी तुमच्या भावाला मार्ग आहे. फेरुच्चो बुसोनीने अकरांपैकी सहा प्रील्यूड पियानोसाठी बसवले आहेत, क्रमांक ४, ५, ८, ९, १०, ११. पियानोवाला हात असेल तर नववा त्यातून वाचावा, खर्ज डाव्या हाताला कसा घेतला आहे ते बघावं आणि आपल्या कीबोर्डला झेपेल एवढंच उचलावं. पियानोचा उजवा पेडल मात्र विसरायचा. बोट उठलं की सूर गेला. जोडायचं ते बोटांनीच, एकच कळ दाबून ठेवून तिच्यावरच बोट बदलत. ही सवय लागायला वेळ लागतो, गुड फ्रायडेच्या आदल्या आठवड्यात सुरू करून भागणार नाही.

पूर्ण बिनपेडलचं काही हवं असेल तर ५, ६ आणि ८ हे तीन फक्त हातांसाठीच लिहिलेत. आठवा नाताळच्या चालीवर आहे, तो डिसेंबरला ठेवा.

स्टॉप: एक प्रिन्सिपाल आठ फुटी, एक बासरी आठ फुटी. बस. चाल ऐकू येत नाही म्हणून चार फुटी उघडायचा मोह होईल. आधी आवाज दोन पायऱ्या खाली आणा, मग बघा.

आणि स्पीकर कुठे ठेवलेत?

भायखळा_अल्टो

दोन्ही खांबांवर, मंडळीच्या डोक्यावर. पंख्यांच्या रांगेतच येतात.

लॅमिंग्टन_रोड

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. चालत्या पंख्याच्या पात्यांतून लांब सूर गेला की तो थरथरतो, फुकटचा ट्रेम्युलंट लागल्यासारखा. बोलण्यात कळत नाही, ऑर्गनच्या धरून ठेवलेल्या सुरात लगेच कळतं. पंखे बंद करून एकदा ऐका. एप्रिलात उपासनेला पंखे बंद ठेवणं शक्य नाही हे ठाऊक आहे, म्हणून स्पीकर खाली, वेदीच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून ठेवून बघा. आवाज भिंतीवरून परतून येईल, थेट कानावर आदळणार नाही. खांबावरचे स्पीकर भाषणासाठी असतात, खाली ७०-८० हर्ट्झच्या आत त्यांचा दम संपतो. आठ फुटीचा सगळ्यात खालचा सा, आपला सी हो, ६५ हर्ट्झचा. म्हणजे तो तुम्हाला अर्धाच मिळणार.

भायखळा_अल्टो

पंखे! हे डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी उपासनेनंतर करून बघते आणि इथे लिहिते. दोघांचेही आभार.

काळी_पाच

अवांतर: शेजाऱ्यांचं काय करता? आमच्या इथे तबल्यालाही तक्रार येते.

खर्ज

हेडफोन. सोळा फुटीचा खालचा सी ३३ हर्ट्झच्या आसपास असतो, तो सबवूफरवर लावला की स्लॅबमधून दोन मजले उतरतो. खालच्यांना संगीत ऐकू येत नाही, नुसती भांडी थरथरतात. उघड्या पाठीचे चांगले हेडफोन घ्या, पैसे तिथेच घाला. सबवूफर घ्यायचाच असेल तर सेक्रेटरींना आधी घरी चहाला बोलवा.

आता रेगर, कबूल केल्याप्रमाणे.

माक्स रेगर जन्माने कॅथलिक, आणि आयुष्यभर लुथरन कोरालांवर लिहीत राहिला. मोठ्या फँटसी सोडून द्या, त्या आपल्या आवाक्यातल्या नाहीत. ओपस ६७मध्ये ५२ प्रील्यूड आहेत आणि ओपस १३५ए मध्ये ३०. पहिल्या संचाला त्याने "सोपे" म्हटलंय, त्यावर विश्वास ठेवू नका. १३५ए खरंच सोपे आहेत, १९१४चे, सुरुवात तिथून करा.

रेगरच्या कागदावर दोन ओळींत अगदी हळूपासून पूर्ण आवाजापर्यंत चढण असते. हे स्वेल बॉक्सने होत नाही. स्वेल म्हणजे नळ्यांभोवतीची पेटी, तिची दारं पायाने उघडझाप करायची. त्याने आवाज झाकला जातो, एवढंच. जर्मन ऑर्गनमध्ये याशिवाय वाल्त्से असायची, पायाने फिरवायचा रूळ. तो फिरवत नेला की ठरलेल्या क्रमाने एकेक स्टॉप आत येतो, मागे फिरवला की जातो. बर्लिनच्या डोममधला साउअरचा ऑर्गन १९०५चा, ११३ स्टॉपांचा, त्यावर रूळ शेवटपर्यंत नेताना काय होत असेल विचार करा. रेगरचा मित्र कार्ल श्ट्राउबं १९०३पासून लाइपत्सिगच्या थॉमसकिर्शमध्ये ऑर्गनिस्ट होता, तिथेही साउअरचाच ऑर्गन.

सॅम्पलच्या ऑर्गनवर ही वाल्त्से साध्या एक्स्प्रेशन पेडलला जोडता येते, आणि माझ्या मते इथे सॅम्पलचा ऑर्गन जिंकतो. स्टॉपांचा क्रम तुम्ही स्वतः लावू शकता. कारखान्याचा तयार क्रम बहुतेकदा भराभर वर चढतो. मी पहिला अर्धा प्रवास फक्त आठ फुटींवर काढतो, मग चार फुटी, मिक्श्चर अगदी टोकाला, पत्तीचे स्टॉप त्याच्याही मागे.

एक मेख मात्र आहे. स्वस्त पेडलच्या आतला पोटेन्शिओमीटर घासला की मिडीचा आकडा एका जागी ठरत नाही, ६३-६४-६३ असा नाचतो. नेमका त्या आकड्यावर एखादा स्टॉप आत येत असेल तर तो सुराच्या मधोमध उघडझाप करतो. ऐकायला भयंकर.

लॅमिंग्टन_रोड

पोटेन्शिओमीटर बदलून टाका, तो काही महाग नसतो. किंवा त्याऐवजी चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर लावा, घासण्याचा प्रश्नच मिटला. आणि येण्याचा आकडा व जाण्याचा आकडा यात चार-पाचांचं अंतर ठेवायची सोय असेल तर ठेवा.

सुतारपक्षी

पेडलबोर्डबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जर्मन तऱ्हेचा पेडलबोर्ड सपाट, तीस पट्ट्यांचा. अमेरिकन बत्तीस पट्ट्यांचा, खोलगट आणि पंख्यासारखा पसरलेला. नवा मागवायचा तर वाहतूक आणि कर धरून पोटात गोळा येतो. मी सपाट स्वतः केलाय. सागवान काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या टोकांपुरतं, खाली साधं पाइन. प्रत्येक पट्टीखाली एक चुंबक आणि एक रीड स्विच, तीस तारा एका मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर, त्यातून यूएसबी. स्प्रिंगऐवजी मागच्या टोकाला पोलादी पट्टी. स्प्रिंग पावसाळ्यात गंजून किरकिरते.

रुंदी सव्वा मीटरच्या वर जाते. घरात आणायच्या आधी दाराची चौकट मोजा आणि घरातल्या माणसांची संमती घ्या, या क्रमाने किंवा उलट.

काळी_पाच

दंडवत. फोटो टाका ना.

मूळ धाग्याकडे: अकराव्याबद्दल कोणी बोललंच नाही. 'ओ वेल्ट, इश मुस दिश लासन'. मी पियानोवर बुसोनीचा वाजवते. प्रत्येक ओळीच्या शेवटाचे जे दोन प्रतिध्वनी आहेत ते ऑर्गनवर कसे करता? पियानोवर हात हलका केला की झालं.

खर्ज

हा प्रश्न येईल म्हणून थांबलो होतो.

चाल हाइनरिश इझाकच्या नावावर ओळखली जाते, मूळ शब्द इन्सब्रुक शहराचा निरोप घेणारे. ब्राम्सचा हा संचातला शेवटचा. प्रत्येक ओळ मोठ्याने, मग तिची शेवटची काही पावलं हळू, मग पुन्हा तीच आणखी हळू.

बहुतेक लोक एकाच मॅन्युअलवर (हाताच्या कीबोर्डवर) राहून स्वेल बंद करत जातात. मला ते पटत नाही. साध्या सॉफ्टवेअरमध्ये स्वेल म्हणजे नुसता आवाजाचा खटका असतो, सूर तोच राहतो, फक्त लहान होतो. खऱ्या पेटीची दारं मिटली की आधी सुराची वरची धार बोथट होते, मग आवाज उतरतो. हाउप्टवेर्कमध्ये ते फिल्टरने बरंच साधलंय, पण तरी. त्यापेक्षा तीन मॅन्युअलवर तीन निवडी लावा: पहिलीवर आठ फुटी प्रिन्सिपाल सोबत्यांसकट, दुसरीवर दोन मऊ स्टॉप, तिसरीवर स्वेलमधला एकच, दारं जवळजवळ मिटलेली. म्हणजे प्रतिध्वनी दुसऱ्या जागेवरून येतो, दुसऱ्या नळ्यांतून. घुमाऱ्यासकटच्या सेटवर तर ते अंतर रेकॉर्डिंगमध्येच आहे, कारण स्वेलच्या नळ्या खरोखरच मागे, आत असतात. गाभारा, इथे मी तुमच्या बाजूने.

दोनच मॅन्युअल असतील तर तिसऱ्या निवडीसाठी सेटरच्या पुढच्या पायरीवर जायचं बटण डाव्या अंगठ्याखाली घ्या. आणि प्रतिध्वनीकडे जाताना आधीची आस पूर्ण विरेपर्यंत थांबू नका. ओळ तुटते. मोठ्या सुराची आस उरलेली असतानाच हळू सूर आत शिरला पाहिजे.

नळी

हे पटलं. शेवटच्या ओळीला मात्र घाई करू नका, सगळे करतात.

काळी_पाच

करून बघते. सेटर म्हणजे काय ते शोधायला लागेल आधी. सुतारपक्षी, पेडलबोर्डाची मापं मिळतील का? डोंबिवलीत एक सुतारकाका तयार आहेत.

सुतारपक्षी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. काकांना सांगा, पट्ट्यांमधलं अंतर सूतभरही इकडेतिकडे नको. पायाला ते लगेच कळतं.